मुंबईच्या गॅलरीत वर्षानुवर्षं टिकणारी झाडं: सगळे विचारतात ते प्रश्न

बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये भेटलं की लोक मला तब्येतीचं विचारत नाहीत, माझ्या जास्वंदीचं विचारतात. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी कुणी तज्ज्ञ वगैरे नाही हं, बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहते, पूर्वेची गॅलरी आणि किचनचं दक्षिणेचं ग्रिल एवढीच माझी शेती. पण तेवीस वर्षांत इतकी झाडं मारलीत की काय जगतं ते आता कळायला लागलंय.

पेरेनियल म्हणजे बारमाही फुलणारं झाड ना?

नाही, आणि निम्मे पैसे इथेच पाण्यात जातात. पेरेनियल म्हणजे बहुवर्षायू, दोनपेक्षा जास्त वर्षं जगणारं. फुलं कधी येणार त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. मोगरा पंधरा वर्षं आरामात जगेल पण फुलणार मुख्यतः उन्हाळ्यात, आणि सदाफुली नावाप्रमाणे सदा फुलते पण कुंडीत दोन-तीन वर्षांत काटकुळी होऊन जाते. डिसेंबरात नर्सऱ्या पेटुनिया आणि डायंथसने भरलेल्या असतात, रंग बघून माणूस वेडा होतो, ती मार्च-एप्रिलच्या उन्हात गेलीच समजा. विकत घेताना सरळ विचारायचं, ‘भैया, ये सीझनल है या परमनंट?’ नर्सरीवाल्यांची भाषा हीच आहे, ‘बहुवर्षायू’ म्हणालात तर तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल.

नेटवर ‘टॉप टेन पेरेनियल’ याद्या असतात, त्यातली झाडं इथे चालतील का?

बहुतेक नाही. अमेरिकेत पेरेनियल प्लांट असोसिएशन म्हणून संस्था आहे, ती १९९० पासून दरवर्षी एक झाड ‘वर्षाचं झाड’ म्हणून निवडते. १९९८ ला एकिनेशियाचं ‘मॅग्नस’ हे वाण, १९९९ ला रुडबेकियाचं ‘गोल्डस्टर्म’, २००७ ला नेपेटाचं ‘वॉकर्स लो’. झाडं सुंदरच आहेत, वादच नाही. पण तिकडची ही मंडळी थंडी पडली की जमिनीखाली झोपतात आणि वसंतात परत उठतात, त्यांचं सगळं वेळापत्रक त्या थंडीवर चालतं. पिओनी आणि होस्टाला तर नीट थंडी मिळाली नाही तर त्या धड उठतच नाहीत. आपल्याकडे पारा १५ वर आला की पेपरात बातमी येते.

मीसुद्धा लव्हेंडर आणलेलं. जानेवारीत काय दिमाख होता त्याचा, येणाऱ्याजाणाऱ्याला पानं चोळून वास द्यायचे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खालून काळं पडायला लागलं, गणपतीपर्यंत नुसता झाडू उरला.

त्या संस्थेचे निकष मात्र कामाचे आहेत: वेगवेगळ्या हवेत टिकलं पाहिजे, देखभाल कमी, कीड-रोग कमी, बाजारात सहज मिळायला हवं आणि एकापेक्षा जास्त ऋतूंत दिसायला चांगलं. निकष तेवढे उचला, झाडं तिकडेच राहू द्या.

मग मुंबईत चांगलं झाड ओळखायचं कसं?

ऑगस्टमध्ये बघायचं. माझी ही एकच युक्ती आहे. जानेवारीत मुंबईत काहीही छान दिसतं, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं रोपसुद्धा. इथे वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, त्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि हवा ओल्या टॉवेलसारखी. ह्यातून जे हिरवंगार बाहेर येतं आणि पुढच्या मे महिन्यात त्याच कुंडीत तग धरतं, ते झाड उत्तम. तेव्हा ऑगस्टमध्ये छत्री घेऊन आपल्याच गल्लीत एक चक्कर मारा, मान वर करून लोकांची ग्रिलं बघा, कुठलं झाड तुकतुकीत दिसतंय ते लक्षात ठेवा. जमलं तर त्या घरी जाऊन फांदी मागा, झाडवाली माणसं फांदीला नाही म्हणत नाहीत. वर पावसाळाच असतो, कटिंग पटकन लागतं.

आमच्याकडे ऊन येतं की नाही ते कळत नाही. सकाळी येतं पण कधीकधी येतच नाही.

येतच नाही ते बरोबरच आहे तुमचं. मुंबई १९ अंश अक्षांशावर, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, तो शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. ह्या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबरात ऊन पार सोफ्यापर्यंत येतं आणि मेच्या शेवटी ग्रिलमध्येसुद्धा पडत नाही, वर छज्जा असेल तर आणखीनच कमी. म्हणून डिसेंबरात ऊन बघून मोगरा लावला आणि मोगऱ्याच्या सीझनलाच तो सावलीत, असं होतं. माझ्या किचनच्या ग्रिलमध्ये नेमकं हेच झालेलं.

पूर्वेची गॅलरी सगळ्यात सुखाची, कोवळं ऊन तीन-चार तास, जवळजवळ सगळं चालतं. पश्चिमेला दुपारचं ऊन भाजतं, तिथे बोगनवेल, अडेनियम, एक्झोरा. उत्तरेला फुलांचा हट्ट सोडा, स्नेक प्लांट, मनीप्लांट, नेचे लावा आणि शांत राहा. एका रविवारी दर तासाला गॅलरीचा फोटो काढा, आणि दोन महिन्यांनी परत.

पहिलंच झाड घेतोय, एकच सांगा.

जास्वंद. गावठी, लाल, एकेरी पाकळ्यांची. नर्सरीत पिवळी-केशरी, ताटलीएवढ्या फुलांची हायब्रिड जास्वंद समोर मांडलेली असते, मोह होतो, पण आमच्याकडे ती पावसात रुसून बसते आणि कळ्या गाळते. गावठी जास्वंद कापा, वाकवा, विसरा, ती परत येते. माझी पहिली जास्वंद अजून आहे, तिच्या फांद्यांची पोरं बिल्डिंगच्या चार मजल्यांवर नांदतायत.

फूल एक दिवसाचंच असतं, संध्याकाळी मिटतं, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. फूल येतं नव्या फुटीच्या टोकाला, म्हणून शेंडे खुडल्याशिवाय फुलं वाढत नाहीत. लोक जीव तोडून वाढवतात, कात्री लावायला घाबरतात आणि मग सहा फुटांची काठी आणि वर दोन फुलं. मी पहिल्या पावसाच्या आसपास सगळे शेंडे खुडते, मग गणपतीत देवाला विकतचं जास्वंद आणावं लागत नाही.

तिचा एकच शत्रू, पिठ्या ढेकूण. पानाच्या बेचक्यात कापूस चिकटल्यासारखं दिसतं आणि बाजूला मुंग्यांची रांग. मुंग्या दिसल्या की समजायचं, कारण ही कीड जो गोड चिकटा सोडते तो खायला त्या येतात आणि बदल्यात कीड इकडची तिकडे वाहून नेतात. औषधाआधी जुना टूथब्रश घ्या, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि प्रत्येक बेचकं घासा, मग पाण्याचा जोरात फवारा. त्यानंतर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब लिक्विड साबण, संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने परत. एकदा फवारून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांशी मी आता बोलत नाही.

मोगऱ्याला नुसती पानंच येतात, फुलं नाहीत.

लाड जास्त होतायत. डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत पाणी कमी करत आणा, दोन-तीन आठवडे ताण द्या, मग निम्म्यापेक्षा जास्त छाटा आणि उरलेली पानंही काढून टाका. झाड केविलवाणं दिसतं, घरातले ओरडतात, ओरडू द्या. मग माती उकरून शेणखत, भरपूर पाणी, आणि कमीत कमी चार-पाच तास ऊन. मार्चपासून कळ्या सुरू होतात. दादरच्या फुलगल्लीतला गजरा विकत घ्यायचा तो घ्याच, पण सकाळी उठून चार कळ्या वाटीत पाण्यात टाकण्यात वेगळी मजा आहे.

ऊन फारच कमी आहे पण वासाचं फूल हवं.

सोनटक्का! ह्याला लोक विसरलेत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. आल्याचा भाऊ आहे तो, तसाच गड्डा, तशीच लांब पानं, आणि बरोबर पावसाळ्यात, जेव्हा बाकीचे माना टाकून बसलेले असतात तेव्हा, पांढरी फुलपाखरासारखी फुलं. संध्याकाळी उमलतो. थोडंसं ऊन पुरतं, पाणी कितीही प्यायला तयार. क्यूबाचं तर ते राष्ट्रीय फूल आहे, तिथे त्याला फुलपाखराच्याच नावाने ओळखतात.

आमच्याकडचा आईने डहाणूहून गड्डा आणून तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावलेला. सात वर्षांनी डब्याचं पोट फुगलं, फटीतून पांढरे गड्डे बाहेर डोकवायला लागले आणि शेवटी नवऱ्याने पत्रा कापायची कात्री आणून तो डबा उभा चिरला, तर आत मातीच नाही, डब्याच्या आकाराचा नुसता गड्ड्यांचा ठोकळा. सुरीने अकरा तुकडे केले, अकराही लागले. एक दांडा एकदाच फुलतो, फुलून झाला की बुडातून कापा, बाजूने नवा येतो.

सोनचाफा कुंडीत येतो का?

येतो, पण कलमी घ्या. बीचं रोप फुलायला कैक वर्षं लावतं आणि ते मुळात मोठं झाड आहे. ‘वेलणकर चाफा’ म्हणून कलम मागा, ते लहानपणीच फुलतं. कुंडी १८ इंची तरी हवी, तेव्हा हा प्रकार ग्रिलचा नाही, गच्चीचा किंवा खालच्या मजल्याच्या अंगणाचा.

ग्रिलवर सोडायला वेल?

गोकर्ण, निळी किंवा पांढरी. स्वस्त, पटकन वाढते, शेंगा वाळल्या की बी आपोआप शेजारच्या कुंडीत. कृष्णकमळ दिसायला राजेशाही पण दोन वर्षांत वरच्या मजल्याच्या एसीपर्यंत पोचतं आणि मग तिथून तक्रार येते. मधुमालती, जिची फुलं पांढरी उघडतात आणि मग गुलाबी होत होत लाल होतात, ती मला सगळ्यात आवडते आणि तरीही फ्लॅटमध्ये लावू नका म्हणेन. तिला कंपाउंडची भिंत हवी.

गुलाब?

हौस असेल तर. पावसात पानांवर काळे ठिपके पडून झाड उघडंबोडकं होतं. देशी गुलाबी गुलाब त्यातल्या त्यात बरा.

झाड पूर्ण वाळलं. फेकू का?

थांबा! थंड देशातली झाडं थंडीत झोपतात, आपल्याकडची कंदाची झाडं पाऊस गेल्यावर झोपतात. भुईचाफा, कॅलेडियम, कळलावी, मे फ्लॉवर, ह्या सगळ्यांची पानं पावसानंतर हळूहळू पिवळी पडतात आणि कुंडीत नुसती माती दिसते. सह्याद्रीत कातळावरचे कंद हेच करतात, ओल संपली की दुकान बंद. त्या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवायचं, नाहीतर कंद खाली सडतो.

हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी मे फ्लॉवरची ‘रिकामी’ कुंडी फेब्रुवारीत खाली ठेवून दिली, कुणाला हवी तर घ्या म्हणून. वॉचमनकाकांनी ती केबिनमागे नेली. मेच्या पहिल्या आठवड्यात भाजी घेऊन येतेय तर केबिनमागे लालभडक चेंडू, टेनिस बॉलपेक्षा मोठा, एक पान नाही, नुसता दांडा आणि चेंडू. परत कुठल्या तोंडाने मागणार. आता मी अशा प्रत्येक कुंडीत आईस्क्रीमची काडी खोचून ठेवते, मार्करने ‘झोपलाय’ लिहून. फांदीवाल्या झाडाची परीक्षा सोपी आहे: नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर जिवंत.

घरचं ब्रह्मकमळ खरं ब्रह्मकमळ असतं का?

नाही. खरं हिमालयात. आपलं ते मेक्सिकोकडचं निवडुंगाच्या जातीचं. म्हणून काय झालं, रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांना उठवून दाखवायचं फूल दुसरं कुठलं आहे सांगा. पानाचा तुकडा खोचला तरी लागतं, सावली चालते, फक्त पाणी साचू देऊ नका.

नर्सरीतून आणलेलं झाड पंधरा दिवसांत मरतं. फसवतात का?

फसवणूक कमी, मातीचा गोळा जास्त. खूप रोपं आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने येतात आणि त्यांच्या मुळांभोवती घट्ट चिकणमातीचा गोळा असतो, प्रवासात माती सांडू नये म्हणून. तो तसाच कुंडीत बसवला की भोवतालची माती ओली, गोळा आतून कोरडा ठणठणीत, किंवा पावसात उलटं, गोळ्यात पाणी धरून मुळं सडतात. आणल्यावर आठवडाभर पिशवीतच सावलीत ठेवा, मग गोळा बादलीत भिजवून बाहेरची माती बोटांनी हलकेच सोडवा, सगळी नाही, मधली राहू दे. आणि फुलांनी लगडलेलं रोप घेऊ नका हो, कळ्यांचं घ्या.

माती कुठली?

गोणीतली लाल माती एकटी कधीच नाही, पहिल्या पावसात तिची वीट होते. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, मूठभर नीमपेंड. पाऊस थेट लागत असेल तर विटांचा चुरा थोडा. कुंडीची भोकं काडीने महिन्यातून एकदा मोकळी करा, मुळं तिथेच जाऊन बसतात. १२ इंची कुंडी ओल्या मातीने भरली की २० किलोच्या आसपास जाते, ग्रिलमध्ये अशा सहा ओळीने मांडण्याआधी ग्रिलचे बोल्ट बघून घ्या. चहाचा चोथा घालत असाल तर धुऊन, दूध-साखरेसकट घातला तर मुंग्यांना आमंत्रण.

कुंडीखाली ताटली ठेवायची की नाही?

पावसाळ्यात काढून टाका. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अळी आठवड्या-दहा दिवसांत डास होऊन उडते, महापालिकेची माणसं तपासायला येतात ती पहिल्यांदा ताटल्याच उचलून बघतात. खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी जातं हा प्रश्न खरा आहे, मी सकाळी सहाला पाणी घालते, तेव्हा कुणाचे कपडे नसतात.

कबुतरं!!

जाळी. बाकी सगळे उपाय, सीडी टांगणं, प्लॅस्टिकचं घुबड, माझ्या अनुभवात आठ दिवसांचे. जाळी नको असेल तर कुंडीच्या मातीत बांबूच्या बारीक काड्या दाट खोचा, बसायला जागा मिळत नाही.

घरात मांजर आणि लहान मूल आहे, काय टाळू?

कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्ही विषारी. कळलावीचा कंद तर फारच, त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. डिफेनबाखियाचं पान चावलं तर तोंड सुजतं, मनीप्लांटही थोडं तसंच. मांजराच्या घरात खऱ्या लिलीची फुलं पुष्पगुच्छातसुद्धा नकोत, त्याने किडनी जाते त्यांची. जास्वंद, मोगरा बिनधास्त.

कढीपत्त्याची पानं रातोरात गायब झाली.

नीट बघा, पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी पानावर चिकटलेलं दिसेल, ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी, मोठी झाली की हिरवी होते. लिंबावरही येते, लिंबावर नशीब असेल तर ब्लू मॉर्मनही, जे २०१५ पासून आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे. मी कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवते, एक आमटीला आणि एक त्यांना. झाड मरत नाही, महिन्याभरात परत फुटतं.

झाडं बघायला कुठे जाऊ?

भायखळ्याची राणीची बाग, लोक पेंग्विन बघून परत येतात, झाडं बघतच नाहीत. महापालिकेचं पुष्पप्रदर्शनही तिथे भरतं, बहुतेक फेब्रुवारीत. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघा, कचऱ्याच्या डंपिंगवर उभं राहिलंय ते, तुमच्या गॅलरीतली माती त्यापेक्षा नक्कीच बरी असेल.

मे महिन्यात गावी जातो पंधरा दिवस, झाडांचं काय?

गणपतीत गेलात तर पाऊस बघून घेतो, मे महिन्याचं खरं संकट. सगळ्या कुंड्या ग्रिलमधून काढून गॅलरीच्या आतल्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, फुलं-कळ्या खुडून टाका, मातीवर नारळाच्या शेंड्या पसरा. मधोमध पाण्याची बादली उंचावर ठेवा, जुन्या सुती साडीच्या वाती करून एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीत चार बोटं खोल. निघायच्या आधी दोन दिवस करून बघा, माझ्या एका वातीला गाठ राहिली होती तर तेवढी एकच कुंडी वाळली. बादलीवर झाकण ठेवा, डासांसाठी. अडेनियम आणि स्नेक प्लांटला वात लावू नका. आणि किल्ली शेजारी द्यायची असेल तर ‘रोज थोडं थोडं घाल’ म्हणू नका, कुठल्या कुंडीत किती तांबे ते खडूने कुंडीवरच लिहून ठेवा.